तळ्यातले उसने मासे

तैपेई, १६ जानेवारी

प्रिय दादा,

घरी सगळे बरे असतील असं धरून चालते. इथे थंडीची लाट आहे, तिकडेही असणारच. बाबांना मोजे घालायला सांग, सांगितल्याशिवाय ते घालत नाहीत. वहिनीने पाठवलेली माशाची सुकवलेली अंडी पोचली आणि संपलीही.

एवढं झालं. आता भांडते. फोनवर तू हं हं करून ठेवून देशील, म्हणून कागदावर.

मंगळवारी तळ्यावर तू मला काय म्हणालास? "मॅडम, जपून, बांध निसरडा आहे." मॅडम! त्याच बांधावरून मला पाण्यात ढकलून देणारा तू! माझे साहेब शेजारी होते, सौर वीज कंपनीची माणसं होती, तुझ्या अंगात त्यांचं पिवळं जाकीट होतं, सगळं मान्य. पण माझ्याकडे बघून तुझी पापणीसुद्धा हलू नये? मीही शहाणी, "धन्यवाद" म्हणाले. परत येताना गाडीत फांगसाहेब म्हणाले, "तो जाळंवाला फार अदबीने वागतो." मी खिडकीबाहेर बघत बसले.

तू नेहमी विचारतोस, तुझं काम तरी काय? ऐक. इथे एक उंच इमारत उभी राहिली आहे. तिला हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवंय, तर तिने उन्हाची वीज खरोखर विकत घेतली हे कागदोपत्री दाखवावं लागतं. करार, बिलं, मीटरचे आकडे मी जुळवते आणि शेवटी माझा शिक्का मारते. ती वीज आपल्या तळ्यावरून येते हे मला फाईल उघडल्यावर कळलं. विजेत काही खोट नाही. पण त्याच फाईलमध्ये कंपनीने छातीठोकपणे लिहिलंय की पॅनेलांखाली मासे पूर्वीसारखेच पाळले जातात, कुणाच्या पोटावर पाय दिलेला नाही. इमारतीच्या मालकांना ते वाक्य फार आवडलंय. तेच तपासायला आम्ही आलो होतो.

आणि तू जाळं ओढलंस. दूधमासे! या थंडीत, उथळ तळ्यात! बाबा हिवाळ्यात मासे ज्या खोल चरात हलवायचे, तो चर पॅनेलांचे खांब रोवताना बुजवला. चराशिवाय दूधमासा त्या पाण्यात एक रात्र काढत नाही, हे मी तुला सांगायला हवं? सकाळी कुणाच्या तरी टाकीतून ट्रकने आणून ओतलेत तुम्ही. अर्धे पोट वर करून तरंगत होते. कंपनीचा माणूस म्हणतो, "थंडीने जरा सुस्तावलेत." आणि फांगसाहेब फोटो काढतात! जमीनमालकाने तळं कंपनीला दिलं तेव्हापासून बाबा देवळाच्या आवारात तळ्याकडे पाठ करून बसतात. त्यांच्याच तळ्यात त्यांच्याच मुलाने उसने मासे दाखवावेत? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. पोरींच्या शाळा आहेत, गावात दुसरी नोकरी नाही. खरंच नाही. फांगसाहेबांचं तर सोपंच असतं, "वीज खरी आहे ना? मग माशांच्या मागे कशाला लागतेस? शिक्का मार, चांद्र नवं वर्ष तोंडावर आलंय."

दादा, पुढचं लिहायचं मी मघापासून टाळते आहे. मी शिक्का मारला नाही. तिथे मासे पाळत नाहीत, त्या दिवशी बाहेरून आणले होते, असं लिहून दिलं. "कशावरून? तुला तळ्यातलं काय कळतं?" असं ऑफिसात विचारलं मला. चराचं सांगितलं तर हसले. मग मी खाली लिहिलं, हे तळं माझ्या वडिलांकडे खंडाने होतं, आणि जाळं ओढणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे, त्याला विचारा.

गुरुवारी आमच्या ऑफिसची माणसं तुझ्याकडे येतील. खरं बोललास तर तुझी नोकरी जाईल, आणि ती माझ्यामुळे जाईल. खोटं बोललास तर माझी जाईल. तुला आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. पोरींच्या फीचं मी बघेन. तू रागाव, वाटेल ते बोल, हक्क आहे तुला.

पहिला प्रश्न ते हाच विचारतील, की ही बाई तुमची कोण. काय सांगायचं ते तू ठरव. मी माझ्यापुरतं लिहून दिलंय.

तुझी बहीण,
छाय सू-चिन