साडेतीनचा आकडा

नवीन पनवेल,
१४ सप्टेंबर २०२५

ती. संजनाताईस,
हरेशचा सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी तिसरा नट आवळताना जो आवाज झाला, तिथून सगळं बदललं. टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. त्यावर आकडा लावून ठेवला की नट पुरेसा आवळल्यावर तो ‘टिक’ वाजतो. मी त्या टिकची वाट बघत होतो आणि आलं ते ‘कट्ट’. आजाच्या मोटरसायकलच्या हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, स्टड मधोमध मोडला. स्टड म्हणजे ज्या दांडीवर नट बसतो ती.

पान्यावर साडेतीन लावलं होतं, कारण भावेशशेठनी सांगितलं. जुन्या पनवेलातलं स्पेअर पार्टचं दुकान, आठवतं ना? त्यांची हेतल तुझ्याकडे गणिताच्या शिकवणीला यायची. (हो, तीच. हसू नकोस.) गाडी बहात्तर सालची, बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. बाबांच्या फोनवर शोधलं तर एक जण दोन म्हणतो, एक जण तीन, आणि एक शहाणा म्हणतो हाताला कळेल तेवढं. कंपनीचं पुस्तक अख्ख्या पनवेलात एकट्या शेठकडे आहे, पण ते लाल कापडात बांधून हिशेबाच्या चोपड्यांबरोबर दुकानातल्या देव्हाऱ्यात ठेवलेलं. दिवाळीला चोपडापूजनात गाठ सोडतात, हळदकुंकू वाहतात, परत बांधतात. बाकी वर्षभर आकडे शेठच्या तोंडात. त्यांच्या वडिलांनी पाठ करून घेतलेले.

माझी खात्री आहे की शेठनी मुद्दाम चुकीचा आकडा दिला. काल मोडलेल्या स्टडचा वरचा तुकडा त्यांच्या काउंटरवर आपटून आलो. स्टड मोडला की नवा त्यांच्याकडूनच घ्यायचा. शिवाय मी हेतलकडे बघतो ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आणि खरी गोम पुढेच आहे. जुन्या गाड्या गोळा करणाऱ्या खारघरच्या प्रदीपला बाबांनी शब्द दिलाय, दिवाळीपर्यंत गाडी चालू झाली नाही तर ती त्याची. बाबा मला म्हणाले, कॉलेज अर्ध्यात टाकलंस, आता गाडीबी अर्धीच रवनार, आमी भंगार घरात ठेवनार नाय. आणि हा प्रदीप शेठचं जुनं गिऱ्हाईक. आता तूच जोड.

मला गाडी प्रदीपला मिळाली तरी एक वेळ चालेल असं मी म्हणेनही, पण ते खोटं असेल. गाडी पुरी केली की मी शेठसमोर उभा राहून हेतलबद्दल विचारणार आहे. काहीच पुरं न केलेल्या पोराने कुठल्या तोंडाने विचारायचं?

आजा किती आवळायचा, तुला काही आठवतं का? लगेच लिही.

माया पातळ करू नकोस.
तुझा,
हरेश

●

आश्रमशाळा, जव्हार तालुका,
२१ सप्टेंबर २०२५

चि. हरेशला,
अनेक उ. आ.

तुझं पत्र मुलींनी माझ्या आधी वाचलं की काय अशी शंका आहे, कारण सकाळपासून सातवीचा वर्ग माझ्याकडे बघून हसतोय. बघ, तुझा रोग टपालाने पण पसरतो. इथे रेंज नाही आणि तू तुझा फोन रागाच्या भरात उलव्याच्या खाडीत फेकलेला, त्यामुळे टपाल खात्याला आता आपल्याच घराचा आधार आहे.

आजा आकड्याने आवळत नसे. आखूड पाना घ्यायचा, आवळायचा आणि मग ‘बस’ म्हणायचा. कोणाला म्हणायचा ते देव जाणे. त्याच्याही हातून स्टड मोडलेत. त्यातले दोन आई पडद्याला वजन म्हणून शिवून वापरायची. तेव्हा शेठवर खटला भरण्याआधी हे लक्षात घे.

तुझ्या संशयितांची रांग मला पाठ आहे. तोंडी परीक्षेत मुद्दाम पाडणारे सर (त्यांच्यामुळे तू कॉलेज सोडलंस), तुझ्याच डब्यात कमी भाजी घालणारी काकू, तुला बघून बस न थांबवणारा ड्रायव्हर. आता भावेशशेठ. बाळा, पनवेलसारख्या गावात इतके लोक कामधंदा सोडून तुझ्याच वाईटावर बसलेत, म्हणजे तू फार मोठा माणूस असला पाहिजेस.

शेठना सरळ विचार, पुस्तक बघू का म्हणून. आणि हेतल हुशार मुलगी आहे, तिच्याकडे नुसतं बघत राहण्यापेक्षा तिच्याशी बोल. आमच्या पंपाची मोटर परत जळली आहे, मुली विहिरीवरून पाणी आणतायत. बाबांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांग.

लोभ असू दे, संशय जरा कमी कर.
तुझी,
ताई

●

नवीन पनवेल,
२८ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि विचारलं. शेठ म्हणाले, पूजेतली वस्तू मनात आलं म्हणून सोडत नाहीत, आणि माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर दुसरं दुकान बघ. गिऱ्हाइकं हसली. मी गिळलं, तुझी शपथ.

दुसऱ्या दिवशी हेतल मला रसवंतीपाशी गाठून म्हणाली, हेडला दोन लाव, साडेतीन नको. कुठून कळलं विचारलं तर म्हणाली, ते विचारू नकोस, विश्वास असेल तर लाव. ताई, ती संध्याकाळ मी कशी काढली ते तुला सांगण्यात अर्थ नाही, तू पुन्हा सातवीच्या मुलींना वाचायला देशील.

पण नंतर मला आठवलं. त्याच आठवड्यात मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो, तेव्हा प्रदीप दुकानातून निघाला आणि हेतल त्याच्यामागे गाडीपर्यंत गेली. तो काहीतरी सांगत होता आणि ही तळहातावर पेनाने लिहून घेत होती. म्हणजे दोनचा आकडा कुणाचा? प्रदीपचा! नट सैल राहिला की हेडमधून गॅस गळणार, इंजिन तापणार, जाम होणार, आणि दिवाळीला गाडी टेम्पोत घालून खारघरला. बापाच्या आकड्याने मोडते, मुलीच्या आकड्याने जळते. दोन्हीकडून माझंच मरण.

मग काल शनिवारच्या गर्दीत मी दुकानात गेलो आणि बोललो. बोललो ते जसंच्या तसं लिहितो: “शेठ, तुमच्या घरात बाप एक आकडा देतो, पोरगी दुसरा. खरा कुठला ते एकदा घरात बसून ठरवा.”

शेठनी हेतलकडे वळून विचारलं, तू कुठला आकडा दिलास. तिने मान खाली घातली आणि म्हणाली की मी काही दिलेला नाही, याची ऐकण्यात चूक झाली असेल. माझ्यासमोर, ताई! आणि परत वॉशर मोजायला लागली. शेठ मला म्हणाले, परत या दुकानाची पायरी चढू नकोस.

पकडली की नाही मी तिला? तरी कालपासून पाना हातात घेतलेला नाही. इंजिन उघडंच आहे, वर गोणपाट टाकलाय. मी बरोबर आहे एवढंच एका ओळीत लिही.

तुझ्या मायेवर तरी संशय घ्यायला लावू नकोस.
तुझा,
हरेश

●

आश्रमशाळा, जव्हार तालुका,
५ ऑक्टोबर २०२५

चि. हरेशला,
आशीर्वाद, पण आज जरा रागातच.

एका ओळीत लिहिते: तू चुकलास. आता बाकीच्या ओळी वाच.

दसऱ्याच्या सुट्टीत जव्हारला बाजाराला गेले होते. एसटी स्टँडवरून हेतलला फोन लावला. आधी ती बोलेना, मग रडली, मग सगळं सांगितलं. तुला सांगायला तिने मला परवानगी दिलेली नाही. मी तिची जुनी बाई आहे, म्हणून मीच घेतली.

तू मोडलेला स्टड काउंटरवर आपटून गेलास ना, त्या दुपारी शेठ जेवायला घरी गेल्यावर तिने देव्हाऱ्यातलं कापड सोडलं. पूजेशिवाय ती गाठ सोडणारी त्या घरातली ती पहिली. आत पुस्तक निघालं ते ऐंशी सालच्या गाडीचं. ती गाडी दिसायला तशीच, पण तिचा स्टड जाड. कंपनीने तिच्या आजोबांना दोन्ही पुस्तकं दिली असणार, आणि पूजेच्या कापडात बांधलं गेलं नंतरचं. दरवर्षी कुंकू वाहिलं, पण कुठल्या सालचं आहे ते कुणी बघितलं नाही. शेठ जे सांगतात ते मनापासून सांगतात. बापाने शिकवलेलं आहे ते त्यांना.

मग खरा आकडा कुठून आणायचा? प्रदीपकडे तुझ्यासारख्याच दोन गाड्या आहेत आणि बहात्तरचं पुस्तक आहे. हेतलने त्यालाच विचारलं. त्याला पक्कं ठाऊक होतं की बरोबर आकडा मिळाला तर गाडी सुरू होईल आणि त्याच्या हातून जाईल. तरी त्याने सांगितला. घरी जाऊन परत बघितला आणि दुकानात येऊन पुन्हा सांगितला, पोरीने चुकीचा ऐकला असेल तर म्हणून. तू चहा पीत जे बघितलंस ते हे.

मी तिला विचारलं की हरेशला सरळ का नाही सांगितलंस. ती काय म्हणाली ते तसंच लिहिते: “ताई, तो भर दुकानात ओरडेल. बाजारात पप्पांची किंमत त्यांच्या शब्दावर आहे.”

आणि तू तेच केलंस. तिने तुला ओळखलं होतं. एवढंच की, थोडी आशा ठेवून आकडा तरी दिला. आता पुढे काय करायचं ते तुझं तू बघ. फक्त माफी मागायला गेलास तर ओरडून मागू नकोस.

राग आहे, लोभही आहे, दोन्ही पोचवून घे.
तुझी,
ताई

●

नवीन पनवेल,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र गॅरेजच्या पत्र्याखाली उभ्यानेच वाचलं. परत वाचलं. मग स्टडचा आत अडकलेला तुकडा काढायला बसलो. तो निघता निघेना, गावातल्या एका वेल्डरने त्यावर नट चिकटवून काढून दिला. नवा स्टड लेथवाल्याकडून करवून बसवला. पान्यावर दोन लावलं. चारही नट टिक, टिक, टिक, टिक.

गुरुवारी गाडी सुरू झाली. बाबा लुंगीवरच बाहेर आले, जरा वेळ धुराकडे बघत राहिले आणि म्हणाले, आवाज हाय बरा. मग प्रदीपला त्यांनीच फोन केला. तिकडून तो काय म्हणाला माहीत नाही, पण बाबा हसत होते. मी फोन मागून घेतला आणि त्याचे आभार मानले. तो म्हणाला, गाडी कधीतरी इकडे आण, बघू दे.

बाबा गोळ्या घेतायत. दिवाळीला ये, गाडीवर मागे बसवून गव्हाणला नेतो. मोटरचं काय झालं ते कळव. मुलींना सांग, हसून झालं असेल तर पुरे आता.

तुझी माया होती म्हणून शेवटी कानात शिरलं. ती तशीच राहू दे.
तुझा,
हरेश

ता. क.
दुकानात गेलो ते लिहायचं टाळत होतो, पण तू विचारशीलच.

काल चालत गेलो, गाडी मुद्दाम घरी ठेवली. शेठनी मला बघितलं आणि मोठ्याने विचारलं, आता काय राहिलंय, माझा आकडा खोटा आहे हे सगळ्यांना सांगायचंय का? दुकान भरलेलं. हेतल वॉशरच्या डब्यामागे, डोकं खाली. खरं माझ्या जिभेवर होतं, ताई. ते बोललो असतो तर मी खोटा ठरलो नसतो.

मी म्हणालो, “शेठ, आकडा तुमचा बरोबर होता. माझा पाना खोटा निघाला. मी इथे जे बोललो ते वाईट बोललो.”

कुणीतरी हसलं. शेठ म्हणाले की ठीक, पण दुकानात यायचं नाही ते नाहीच. मी हो म्हणालो. तेवढ्यात मागून कर्नाळ्याकडच्या एका मिस्त्रीने विचारलं, शेठ, याच्या गाडीसारख्याच एका गाडीला हेडवर किती लावायचं? शेठनी तोंड उघडलं, पण आधी आवाज आला तो हेतलचा.

“बहात्तरची असेल तर दोन. ऐंशीची असेल तर साडेतीन.”

शेठ तिच्याकडे बघत राहिले. मग देव्हाऱ्यातल्या लाल कापडाकडे. मग माझ्याकडे, बराच वेळ. मिस्त्रीला त्यांनी एवढंच विचारलं की गाडी कुठल्या सालची आहे. हेतलने मान वर केली होती.

मी बाहेर आलो आणि दुकानाचा दरवाजा आवाज न करता ओढून घेतला.