सिनेमातला खरा तुर्क

ती. नझमियेताईस,

धाकट्या रमीझचा सलाम. तुझे गुडघे, भावजींचा दमा आणि बुर्सातलं अंजिराचं झाड (याच क्रमाने) बरं असेल असं धरून चालतो. मागची सहा पत्रं तू न फोडता परत पाठवलीस, वर 'रुमेन नावाच्या कुणाला मी ओळखत नाही' असं लिहून. मलाही तो फारसा आवडत नाही, पण सरकारने आपली तुर्की नावं पुसून बल्गेरियन लावली, त्या पंचाऐंशी सालापासून ओळखपत्रावर तोच ठाण मांडून बसलाय.

तर गावात सिनेमावाले आलेत. जुन्या साम्यवादी दिवसांची टिंगल करणारा सिनेमा आहे. रांगा, झेंडे, न संपणारी भाषणं वगैरे. पण त्यांना पैसे पुरवणाऱ्यांनी अट घातली, अल्पसंख्याकही दिसले पाहिजेत. म्हणून एक तुर्क हवा होता. (तुम्ही सगळे एकोणनव्वदला सीमेपार तुर्कस्तानात गेलात, मागे उरल्या शेळ्या आणि मी.) मी बाबांची टोपी घालून सगळ्यांच्या आधी हजर. रालित्सा नावाची गोड पोरगी नटांची निवड करत होती, ती ओळखपत्र बघून हिरमुसली. म्हणाली, "काका, आम्हाला खरा तुर्क हवाय हो." त्यात आईचे निळे डोळे आडवे आले. तुर्काचं काम सोफियाच्या एका नटाला गेलं, मिशी चिकटवून. त्याला शोभेलसं नाव तेवढं तिने मला विचारलं, मी बाबांचं सांगितलं. टोपीही त्यालाच दिली. आणि मला केलं कारकून, तुर्कांना बल्गेरियन नावं वाटणारा!

प्रसंग हसण्याचा होता. म्हातारा येतो, कारकून यादी पुढे सरकवतो, म्हातारा भलतंच नाव निवडतो. पण तो नट बाबांची टोपी हातात धरून समोर उभा राहिला आणि मी यादी पालथी घातली. ताई, पंचाऐंशीला तू सासरी होतीस. बाबांचं नवं नाव कारकुनाने लावलं असं मी तुला सांगत आलो, ते खोटं आहे. बाबा तसेच उभे होते, तोंडातून शब्द नाही, दारात बंदुकवाले. यादीवर बोट मी ठेवलं. 'असेन' या नावावर. जे पहिलं दिसलं ते. मला त्यांना घरी न्यायचं होतं गं. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी मला हाक मारली नाही, काही हवं असलं की नुसते खाकरायचे. गेले तेही कबरीवरच्या त्याच नावाच्या पाटीखाली. पुढे नावं परत मिळायला लागली, तेव्हा त्यांना त्या नावात ठेवून मी एकट्याने कसं बाहेर पडायचं?

दिग्दर्शकाने हात हलवला. मी विचारलं, "नाव?"

"इद्रीस."

मी इद्रीसच लिहिलं आणि म्हटलं, "जा बाबा घरी."

सात वेळा हेच केलं. पहिल्यांदा सगळे हसले, सातव्यांदा कुणी हसलं नाही. आठव्या वेळी कारकुनाच्या खुर्चीत माझ्याजागी दुसरा माणूस होता. टोपी मात्र परत मिळाली, आता तिला पावडरचा वास येतो.

तुझा,
रमीझ

ता. क. पाटी काढून दगड बसवतोय, इद्रीस नावाचा. माझ्या नावाचा अर्जही दिलाय. दगडासाठी बाबांचं जन्मसाल हवंय, ते तू पेटीतून नेलेल्या कागदावर आहे. नुसतं साल कळव, बाकी काही लिहू नकोस हवं तर.

ता. क. २. खरं तर कागद घेऊन तूच ये.

ता. क. ३. या वेळी पाकिटावर रमीझच लिहिलंय. पोस्टातली बाई म्हणते, या नावाचा माणूस इथे नोंदलेला नाही. तेव्हा परत पाठवू नकोस, घ्यायला कुणी नाही.