पर्सीची गाडी, माझं इंजिन

६ फेब्रुवारी १९९४
इंजिन बाहेर काढलं. शेडच्या तुळईला साखळी बांधून, एकट्याने. तुळई थोडी वाकली. आधीपासूनच वाकलेली असावी.

गाडी सासऱ्याची, पर्सीची. जुनी होल्डन. दुरुस्त करतो म्हणून मी आणली, त्याला चार वर्षं झाली. घाईची कामं मी करत नाही. पण पंचवीस एप्रिलला अँझॅक डे, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. माजी सैनिकांच्या मिरवणुकीत चालणं पर्सीला आता जमणार नाही. म्हणतो, बसेन तर माझ्याच गाडीत, नाहीतर घरी झोपेन. डॉक्टरच्या बोलण्यावरून पुढच्या वर्षीचं काही खरं नाही.

मेहुणा रेक्स कुंपणावरून म्हणाला, तोवर गाडी चालली नाही तर ती माझी. मी म्हटलं, कबूल. आत कोरलने भांडी आपटली. ती बहीण त्याची, बायको माझी. बाजू घेताना विसरते.

निश्चय : रेक्सला शेडमध्ये पाऊल टाकू द्यायचं नाही.

२० फेब्रुवारी
पिस्टन धुतले. कोरलच्या भाजायच्या ट्रेमध्ये. ती म्हणाली, आज कोकरू कशात भाजू, तुझ्या टोपीत? जेवायला सगळ्यांना थंड हॅम. रेक्स म्हणाला, काय दाजी, आमचं कोकरू इंजिनात घातलंत का? सगळे हसले. पर्सीही. युद्ध लढलेल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.

९ एप्रिल
इंजिन जोडून झालं. क्लचची प्लेट लावली. तिची एक बाजू सपाट, एक फुगीर. फुगीर बाजू इंजिनाकडे केली. ताकद तिकडेच असते.

रेक्स कुंपणावर हजर. फुगीर बाजू कुठे केली? मी म्हटलं, तू तुझ्या मेंढ्यांची बाजू बघ. तो म्हणाला, बघतो, त्या ऐकतात तरी. गेला. वादात मी जिंकलो.

संध्याकाळी इंजिन आत बसवलं.

२२ एप्रिल
सुरू झालं! पर्सीला फोन करून आवाज ऐकवला. त्याने आणखी एकदा ऐकवायला लावला. मग म्हणाला, तीच आहे. फोन ठेवला. शाबासकी द्यायची राहिली असेल.

२४ एप्रिल
क्लच दाबला तरी सुटत नाही. चालू इंजिनावर गिअर पडत नाही. पुस्तकात प्लेटची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे दाखवली आहे; छपाईची चूक असावी. इंजिन पुन्हा उतरवायला वेळ नाही. मात्र बंद गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून किल्ली फिरवली की निघते. थांबायचं तर बंद करायची. मिरवणुकीत थांबायचं असतंच कुठे? बॅटरी जरा अशक्त आहे. कोरल म्हणाली, रेक्सला विचार. त्यापेक्षा पायी जाईन.

२५ एप्रिल
निघालो. पर्सी मागच्या सीटवर, पदकं लावून. पहिला गिअर म्हाताऱ्या पायांपेक्षा वेगवान असतो, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. आधी मिरवणुकीतल्या परिचारिका मागे पडल्या, मग बँड.

गावातल्या युद्धस्मारकापाशी गेलेल्यांसाठीचं मौन सुरू झालं. बंद केली असती तर पुन्हा सुरू झाली नसती, आणि रेक्स बघत होता. म्हणून स्मारकाला फेरी मारली. मग आणखी एक. सगळं गाव गप्प, आवाज फक्त माझ्या इंजिनाचा. आवाज उत्तम होता.

पर्सीने मागून खांद्यावर काठी मारली. म्हणाला, बंद कर, गाढवा. माझ्या तुकडीची पोरं आहेत इथे. तो स्मारकावरची नावं बघत होता.

बंद केली. पुन्हा सुरू झाली नाही.

रेक्स आला. हसला नाही. याचा जास्त राग आला. त्याने आणि तिघांनी गाडी ढकलत माजी सैनिकांच्या क्लबपर्यंत नेली. पर्सी ताठ बसून सलाम करत होता. उतरताना म्हणाला, आज पहिल्यांदा नीट चालली. पुढच्या वर्षी मी असलो तर अशीच न्या. स्टिअरिंगला रेक्स. तू मागे, ढकलायला.

म्हणजे माझी जागा पक्की आहे.

कबूल केलं होतं म्हणून चाव्या रेक्सला दिल्या. हातात नाही. बॉनेटवर ठेवल्या.