छातीचा फोटो

देवपूर, धुळे
९ ऑक्टोबर १९७३

ती. ताईबाई मामींस,

मार्चमध्ये तुम्ही भडगावहून आमच्या क्ष-किरण विभागात आलात आणि म्हणालात, "कुमुद, छातीमा दुखस वं." मी छातीचा फोटो काढला. फुप्फुसं स्वच्छ होती. तसं सांगितल्यावर तुम्ही बाकावरच्या बाईला म्हणालात, "मनी भाची डॉक्टरपेक्षा भारी शे!"

फोटोसाठी उभ्या राहताना तुमचा हात डाव्या बाजूला थांबला होता, ते मी पाहिलं होतं. तुम्ही फुप्फुसाबद्दल बोलत नव्हता हे मला कळलं होतं. स्तनातली गाठ त्या फोटोत कळत नाही, हेही ठाऊक होतं. 'स्तन' हा शब्द मी परीक्षेत लिहिला आहे. तुमच्यासमोर तो तोंडातून निघाला नाही. मी फक्त "श्वास रोखा" म्हटलं.

काल तुमच्या प्रमिलाचं पत्र आलं. गाठ लिंबाएवढी झाली आहे आणि तुम्ही दवाखान्याचं नाव काढू देत नाही. "कुमुदनी मशीनमा देखं, काही नही शे," म्हणता. गाठ कदाचित साधीही असेल, पण ते तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही माझ्या शब्दावर थांबला आहात. मला फार लाज वाटते.

तुमच्या घरी आलेलं पत्र मामा मोठ्यानं वाचतात. तो शब्द आला की ते खाकरतील आणि पुढच्या ओळीवर जातील. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या पहिल्या एस.टी.नं येते. मामांना ओट्यावर बसवून तुम्हाला आणि प्रमिलाला तो शब्द उच्चारून सगळं सांगेन.

तुमची,
कुमुद