भिंतीवरची गादी

३ फेब्रुवारी
सकाळचे दहा, दुकान अजून उघडलेलं नाही

चि. छबूस बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघाही बरा आहे. मशीनचा पट्टा परवा तुटला, तो बदलून घेतला. तू विचारणारच म्हणून आधीच सांगतो, वेळेवर जेवतो. भिंगरी कशी आहे? तिचा हिरवा फ्रॉक एव्हाना कमरेत घट्ट झाला असेल. आत दोन बोटं माया ठेवली आहे, तेवढी उसवून घे.

फोनवरही आपण एवढंच बोलतो. हवा कशी आहे, झोप झाली का, आणि मग मी ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून ठेवून देतो. गेल्या रविवारी कोणी गिऱ्हाईक आलं नव्हतं. तू म्हणालीस, “बाबा, कार्यालयानं ताईंची मदत का बंद केली तेच कळत नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार.” मला पुढचं ऐकवेना.

तुझं काही चुकलेलं नाही, छबू. हे वाक्य मी सहा महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं.

खरं सांगायचं तर भिंगरीसाठी त्या ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मला मुळीच आवडलं नव्हतं. जावईबापू निघून गेल्यापासून आपल्या गल्लीला आपल्या दाराशिवाय बघायला दुसरं काही उरलं नव्हतं. त्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ही बाई खांद्याला पिशवी लावून हजर. शेजारी विचारायचे, “कोण हो या? नातेवाईक?” मी म्हणायचो, “शिकवणीवाल्या.” चार वर्षांच्या पोरीला शिकवणी! त्यांना पटायचं नाही, पण माझी पाठ सुटायची. त्यांचा पगार सरकार देतं, हे तर मी कोणाला कळूच दिलं नाही.

आणि त्या करायच्या काय, तर तुला आणि भिंगरीला घेऊन फरशीवर बसायच्या. पोर किंचाळली, चावली, डोकं आपटायला लागली, की तू काय बोलायचं, कुठे हात ठेवायचा, ते शेजारी बसून दाखवायच्या. मी पडद्याआडून बघायचो आणि मनात म्हणायचो, आमच्या वेळी याला लाड म्हणायचे. मग एक दिवस त्या सरळ माझ्या मशीनपाशी आल्या. “आजोबा, तिची डोकं आपटायची भिंत ठरलेली आहे. तिथे बांधायला गादी शिवून द्याल?” मी शिवली. दुहेरी कापूस, वर मऊ सुती कापड, चारी कोपऱ्यांना बंद. त्या दिवसापासून मीही तुमच्यात बसायला लागलो. पोरीचं आपटणं निम्म्यावर आलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही पुढचं केलं.

सहा महिन्यांनी मदत पुढे चालू ठेवायची की नाही, ते बघायला कार्यालयातून बाई येणार होत्या. तू शुक्रवारची रजा टाकली होतीस. त्या गुरुवारी आल्या. तुला वाटतं, न कळवता आल्या. मीच तसं सांगितलं तुला. सकाळी नऊला त्यांचा माझ्या फोनवर फोन आला होता, “आज अकराला आले तर चालेल का?” तुझ्या कामावरून घर अर्ध्या तासावर. मी तुला कळवलं नाही. म्हटलं, “या की.”

दोन तास मी घर आवरत होतो. फरशी पुसली, पोरीनं फाडलेला पडदा शिवून परत लावला. जन्मभर हेच केलं मी. उसवलेलं आतून टाचायचं, वरून दिसता कामा नये. भिंतीवरच्या गादीचे बंद सोडून ती कपाटात कोंबली.

त्या वही उघडून बसल्या. “मूल रात्री किती वेळा उठतं?”

“एकदाही नाही.”

“डोकं आपटतं का?”

“छे हो. लहान पोर, पडतं झडतं, एवढंच.”

“अलीकडे कोणाला चावलं?”

मी सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढली. आदल्या दिवशीचे दात तिथेच उमटलेले होते. “नाही,” म्हटलं.

“तिच्या आईनं अर्जात वेगळं लिहिलंय.”

छबू, त्यावर मी हसलो. म्हटलं, “तिला वाढवून सांगायची सवयच आहे. लहानपणापासून.” त्यांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

आजवर मी मनाशी एक सबब धरून होतो. वाटायचं, घर नीटनेटकं दिसलं, माणसं शहाणी दिसली तर त्या खूश होऊन मदत पास करतील. ही परीक्षा अशी की नापास होणाऱ्यालाच पास करतात, हे मला म्हाताऱ्याला काय ठाऊक? पण ते अर्धंच खरं. मला त्या बाईसमोर इभ्रत राखायची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. मूठ माझी होती, पण आत पोर चिरडली.

अजून एक राहिलंय. पत्र तीनदा फाडलं ते याच्यामुळे.

तू विचारलं नाहीस, की भिंगरी त्या वेळी शांत कशी. ती झोपली होती. खोकल्याची ती बाटली, जिनं तिला गुंगी येते, डॉक्टरांनी अर्धा चमचा सांगितलेला. त्या दिवशी तिला खोकला नव्हता. मी पूर्ण चमचा दिला, साडेदहाला. बाई म्हणाल्या, “किती गाढ झोपलीय हो!” आणि तेही लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मी दारात उभा राहून शेजाऱ्यांशी बोलत होतो. आत पोर उठली. तोल जात होता तिचा. तशीच ती नेहमीच्या भिंतीकडे गेली. तिला काय माहीत, आज तिथे गादी नाही. आवाज ऐकून मी धावलो, तोवर दुसऱ्यांदा आपटून झालं होतं.

संध्याकाळी तू कपाळावरचं टेंगूळ बघितलंस. मी म्हटलं, खुर्चीवरून पडली. तू रडलीस, आणि मला धीर देत बसलीस की बाबा, तुम्ही एकटे किती लक्ष ठेवणार.

त्यानंतरचं सगळं तुला माहीत आहे. कागद आला, ‘घरभेटीत गरज आढळली नाही’. ताईंचं येणं थांबलं. ‘पोर सुधारतेय, या तुमच्याच अहवालानं घात केला’ म्हणून तू त्यांना नाही नाही ते बोललीस, आणि त्यांनी ऐकून घेतलं. आता तू परक्या गावी एका खोलीत राहतेस, कारण तिथे उपचारांचं केंद्र आहे. आणि पोर त्या केंद्राची पायरी चढत नाही, दारातच आडवी पडते. तिला तिची फरशी हवी, तिची भिंत हवी. ते सगळं इथे आहे, माझ्याजवळ. माझ्या उपयोगाचं काहीच नाही त्यात.

एकोणीस तारखेला तुझ्या अपिलाची सुनावणी. ते म्हणतात, नवीन काही असेल तर आणा. नवीन काय ते या पाकिटात आहे. वर लिहिलेलं सगळं, बाटलीसकट, मी वेगळ्या कागदावर उतरवून सही केली आहे. एक प्रत काल कार्यालयात देऊन पोच घेतली, दुसरी तुझ्यासाठी. परवा ताईंच्या घरीही जाऊन आलो. त्यांनी पाणी दिलं, माफी दिली की नाही ते कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. एकोणिसाला मी तिथे येईन. तू माझ्या शेजारी बसू नकोस. विचारलं तर तुझ्या समोरच सांगेन, की माझी मुलगी वाढवून सांगत नाही. तिनं कमीच सांगितलं होतं.

पोरीला पुन्हा माझ्याजवळ एकटं ठेवशील की नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

गादी त्याच दिवशी परत बांधली. अजून तिथेच आहे. रोज सकाळी चारी बंद ओढून बघतो.

लिहून देणार,
तुझा बाप