फक्त घरची माणसं

११ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला नमस्कार, मुलींना आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हल्ली कामावरून आले की चप्पल काढायचाही कंटाळा येतो.

मावशीला जाऊन महिना झाला. तू विचारतोस, त्या दोघी खोली कधी रिकामी करणार? घर विकायच्या कागदावर माझी सही हवी म्हणतोस. ‘परक्यांना किती दिवस सांभाळायचं’ असंही लिहिलंस. अरे, कोण कोणाला सांभाळतंय ते एकदा येऊन बघ. माझा डबा अजून कटिंगमावशीच भरते. काजमावशीला नीट दिसत नाही, तरी माझी उसवलेली बाही तिने परवा न सांगता शिवून ठेवली.

आई गेल्यावर मावशीने आपल्याला इथे आणलं, तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. एकटीला दोन पोरं झेपायची नाहीत म्हणून शर्टांच्या कारखान्यातल्या या दोघी पंधरा दिवसांत सामान घेऊन आल्या, त्या आल्याच. तिकडे एक कापड कापायची, मावशी कॉलर लावायची, तिसरी काजं करायची. घरातही तसंच. एक भाजी चिरायची, दुसरी फोडणीला टाकायची, तिसरी आपल्याला दामटून जेवायला बसवायची. तुझ्या मुलाखतीचा शर्ट तिघींच्या हातचा. घाईत काजं बायकांच्या बाजूला झाली, आणि तू घरभर केवढा थयथयाट केलास! शेवटी तोच घालून गेलास आणि नोकरी लागली.

बघ, इकडचं तिकडचं लिहीत बसले. जे लिहायचं ते राहतंय.

मावशी गेली तेव्हा त्या दोघी बाहेर बाकावर बसल्या होत्या. दवाखान्याचा नियमच तसा, असं मी तुला सांगितलं. त्यांनाही तेच सांगितलं. पण खरं ते नाही. नर्सने विचारलं होतं, “आत फक्त घरची माणसं. या दोघी कोण?” आजवर प्रत्येक फॉर्मवर त्या तिघी एकमेकींना बहीण लिहीत आल्या. मीही तेवढंच म्हणायचं होतं. पण मी तीन दिवसांची जागी होते, दादा. वाटलं, या आत आल्या की रडारड होणार आणि त्यांनाही मलाच सावरावं लागणार. मी म्हणाले, “मैत्रिणी आहेत. कामावरच्या.”

नर्सने दार लावून घेतलं. मावशीने दोनदा विचारलं, “त्या कुठायत गं?” मी म्हटलं, “येतायत.” तासाभरात ती गेली.

तुझ्या पत्रातलं ‘परक्या’ वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. सख्खी भावंडं शोभतो आपण. काल मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

काजमावशीने हातातलं शिवण बाजूला ठेवलं. कटिंगमावशी उठून आत गेली आणि कपाटातले कपडे पिशवीत भरू लागली. मी विचारलं, “कुठे निघालीस?”

“बघू कुठे ते. कामावरच्या बायकांनी किती दिवस राहायचं?”

मी तिचे पाय धरले. लहानपणी मार चुकवायला धरायचे तसे नाही, खरंच धरले. तिने मला उठवलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “दमलीस तू, कळतं मला. पण हे मी विसरणार नाही. तिने तुला वाढवलं, म्हणून फक्त आजचा दिवस थांबते.”

आज सकाळीही ती थांबली. उद्याचं ठाऊक नाही. भरलेली पिशवी दाराशी आहे आणि तिला हात लावायची माझी हिंमत नाही.

तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. त्यांना जायला सांगायचं असेल तर स्वतः ये, समोर बस आणि त्या तुझ्या कोण ते सांगून मग सांग. माझ्या तोंडून एकदा निघालं तेवढं पुरे झालं.

तुझी बहीण,
आणि त्या ठेवून घेतील तर त्या दोघींचीही मुलगी