फौजदाराला कावळा शिवला

संगमनेर,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. जयाअक्कास,
कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

फोन करणार होतो, पण फोनवर मी तब्येत सांगतो आणि तू मला कांद्याचा भाव सांगतेस. कानात मशीन घालायचं नाही आणि ऐकू येत नाही हे कबूलही करायचं नाही, असा तुझा बाणा. म्हणून पत्र.

बारा वर्षांनी पुन्हा खाकी चढवली. 'खाकीचा धडाका', भाग सहा. चढवली म्हणजे दोघांनी मिळून चढवली. एकाने मला श्वास धरायला सांगितलं, दुसऱ्याने तेवढ्यात बटण लावलं. फौजदार तुफानराव अजून फौजदारच आहे. पाच भागांत त्याने जिल्ह्यात गुंड शिल्लक ठेवला नाही, पण खात्याला त्याला बढती द्यावीशी वाटली नाही. खरा पोलीस असतो तर एव्हाना निवृत्त होऊन सोसायटीच्या निवडणुकीत पडलोही असतो.

काल गुंडाच्या छातीवर लाथ मारायची होती. पाय त्याच्या गुडघ्यापर्यंत पोचला. शेवटी दिग्दर्शकाने खड्डा खणून गुंडालाच त्यात उभा केला.

आता खरं दुखणं. आमचे निर्माते कल्याणशेठ, त्यांनी शेवट वाचून दाखवला. उसाच्या फडात मला गोळी लागते, मी माझी टोपी समर्थच्या डोक्यावर ठेवतो आणि मरतो. समर्थ म्हणजे नवा हिरो, सिनेमातला माझा मुलगा. त्याच्या दंडाएवढी माझी मांडी नाही. मी शेठना म्हटलं, जखमी करा, लांब कुठं बदली करा, पण मारू नका. अक्का, उभ्या आयुष्यात पट्टा वर ओढून डोळे वटारण्याखेरीज मी काही केलेलं नाही. दुकानाची फीत कापायलासुद्धा लोक तुफानरावाला बोलावतात, कानिफला नाही. तो गेला की मला कोण विचारणार? शेठ म्हणाले, तुम्ही मेलात की लोक रडतील आणि लोक रडले की सिनेमा चालेल.

तुझा लोभ आहेच. तो शेवटच्या सीननंतरही राहावा, एवढं मागणं.

तुझा,
कानिफ

ता. क. एक गंमत राहिली. फडाच्या कडेला डोळे मिटून बसलो होतो, तर डोक्यावर कावळा येऊन बसला आणि केसांचा टोपच ओढायला लागला. सगळं युनिट हसत होतं.


पुणतांबा,
१५ नोव्हेंबर

चि. कानिफ यास,
जयाचे अनेक उ. आशीर्वाद.

तू पत्र उलटं लिहितोस. लाथ, टोपी, शेठ हे सगळं वर आणि कावळा खाली ता. क.मध्ये. डोक्याला कावळा शिवला ही गंमत नव्हे. टोपाला शिवला, डोक्याला नाही, असली वकिली मला करू नकोस. टोपाखाली डोकंच होतं ना?

आपल्यात काय करतात ते तू विसरला असशील. ज्याला कावळा शिवला तो गेला, असा खोटा निरोप जवळच्या माणसाला धाडायचा. ते माणूस खरं समजून रडलं की दोष उतरतो, आयुष्य वाढतं. संध्याकाळी मग खरं काय ते सांगून टाकायचं.

निरोप कोणाला धाडावा याचा लई विचार केला. तुझी बायको पूजा पुण्यात एकटी, त्यात तिला रक्तदाब. गोजरआत्या रडायच्या आधी दहाव्याला गोड काय करणार ते विचारेल. राहिला आपल्या मामांचा अजिनाथ. तो तुझ्याशी बोलत नाही, ठाऊक आहे. भाग पाच बघून त्यानं भर बाजारात सांगितलं की कानिफ गुंड मारत नाही, डास मारतो. आणि तेवढ्यावरून तू त्याच्या पोरीच्या लग्नाला गेला नाहीस. पण मनापासून रडेल तर तोच. आज सकाळी शेजारच्या मोनिकाकडून त्याला फोन करवला. संध्याकाळी तीच खुलासा करेल.

हे पत्र पोचेपर्यंत तू मरून पुन्हा जिवंत झालेला असशील. वेळेवर जेवत जा.

तुझी,
अक्का


संगमनेर,
१८ नोव्हेंबर

ती. स्व. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

पत्र आज पोचलं. मी मेलो ते शुक्रवारी.

अजिनाथ रडला. पण रडता रडता त्याने बातमी गावाच्या ग्रुपवरही टाकली. दुपारी संगमनेरच्या बसस्थानकासमोर माझा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. फोटो भाग एकमधला, पोट येण्यापूर्वीचा. खाली शोकाकुल म्हणून जी मंडळी हात जोडून उभी होती, त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखत नाही. त्यांचे फोटो माझ्यापेक्षा मोठे होते.

त्या वेळी मी छातीवर गोळीचं लाल रंगाचं रक्त लावून मिसळ खात बसलो होतो. बांधाशी टेम्पो थांबला. अजिनाथ उतरला, हातात हार, डोळे सुजलेले. त्याने आधी रक्त पाहिलं, मग माझ्या हातातला पाव पाहिला. हार टाकून त्याने माझ्या थोबाडीत एक ठेवून दिली. मग गळ्यात पडला. मग आठवण झाल्यासारखी आणखी एक दिली. पाच भागांत तुफानरावाला कोणी हात लावू शकलं नव्हतं.

संध्याकाळी मोबाईलवर स्वतःच्या श्रद्धांजल्या वाचल्या. माणसाने हे करू नये. एकाने विचारलं होतं, हे अजून होते का? त्याला सगळ्यांत जास्त अंगठे. दुसऱ्याने माझी अजरामर भूमिका म्हणून जिची आठवण काढली ती दुसऱ्याच नटाची. एका बाईने लिहिलं की लहानपणी मला बघितल्याशिवाय ती जेवायची नाही. जरा बरं वाटलं. पुढे वाचलं तर तिची आई तिला माझी भीती घालायची.

कल्याणशेठना फुकटात जाहिरात मिळाली. आधी नाचले, मग गंभीर झाले. त्यांचं म्हणणं, लोकांनी घरबसल्या एकदा रडून घेतलं, आता तिकीट काढून पुन्हा कशाला रडतील? तेव्हा मरण रद्द. मी आनंदाने पट्टा वर ओढला. तेवढ्यात ते म्हणाले की मध्यंतरानंतर मी कोमात. माझे संवाद समर्थ म्हणणार, मी खाटेवर पडून राहणार.

तुझ्या कावळ्याने मला वाचवलं, अक्का, पण आडवं करून.

आडव्या भावावरही माया ठेवावीस,
कानिफ


पुणतांबा,
२२ नोव्हेंबर

चि. कानिफ यास, अनेक उ. आशीर्वाद.

अजिनाथ काल येऊन गेला. कानाशी येऊन बोलला, म्हणजे साऱ्या गल्लीनं ऐकलं. मी त्याची माफी मागणार होते, तर तोच म्हणाला की मोनिकाचा फोन आला तेव्हाच त्याला कावळ्याची शंका आली होती. लहानपणी त्याला कावळा शिवला तेव्हा मामीनंही हेच केलं होतं. मग रडलास कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाला, खोटं असेल तर कानिफचं आयुष्य वाढेल आणि खरं असेल तर रडायचंच आहे.

त्याच्या पोरीला आता लेकरू झालंय. बारशाला जा, कानिफ म्हणून.

कोमात नीट पड. लहानपणी झोपेचं सोंग तुला कधी जमलं नाही, पापण्या हलायच्या.

तुझी,
अक्का


पुणतांबा,
१० ऑगस्ट २०२५

चि. कानिफ यास, अनेक उ. आशीर्वाद.

अजिनाथनं काल मला संगमनेरला नेऊन तुझा सिनेमा दाखवला.

लोक हसले, हे लपवून काय करू? तू खाटेवर दिसलास आणि शेजारच्या पोरांचे खांदे हलायला लागले. समर्थ तुझ्या उशाशी उभा राहून बराच वेळ तोंड हलवत होता. तुझ्या पापण्या हलत होत्या. मी सांगितलं होतं.

आधीचे पाचही भाग मी बघितले, पण मला काही कळलं नाही. तू तोंड उघडायचास, समोरचा माणूस पडायचा. का पडला ते अजिनाथला विचारावं लागायचं. या वेळी विचारावं लागलं नाही. तुझ्या पोटावरची चादर वर जायची, खाली यायची. मी तेवढंच बघत बसले. मध्ये एकदा ती थांबली तर मी अजिनाथचा हात धरला. बहुतेक तुला शिंक येत होती.

दिवे लागले तेव्हा अजिनाथ डोळे पुसत होता. आता कशाला, म्हटलं. तर म्हणाला, त्या दिवशी तुला जिवंत बघून थोडं रडायचं राहून गेलं होतं.

भाग सातात तू उठशील का, असं त्यानं वाटेत विचारलं. मी सांगितलं, श्वास चालू आहे, बाकीचं शेठ बघतील.

भाऊबीजेला ये. टोप न घालता ये, मला डोकं बघायचं आहे.

तुझी,
अक्का